आधी आवाज, मग पाना

साहेब ज्या दुपारी या इमारतीत राहायला आले, त्या दुपारीच सगळ्या इमारतीला ते कळलं. साहेब म्हणजे कुत्रा. तांबूस रंग, मध्यम उंची, एक कान उभा आणि दुसरा निवृत्त. नाव मिस्त्रींच्या मेहुण्यांनी ठेवलेलं. मेहुणे एका कचेरीत एकतीस वर्षं कारकून होते. "साहेब, बसा" म्हटल्यावर साहेब निमूटपणे बसतो, हे सुख त्यांना निवृत्तीनंतरच पाहायला मिळालं, आणि तेही जेमतेम चार वर्षं. मग ते गेले, आणि मिस्त्रींची थोरली बहीण दोन बॅगा आणि साहेबांना घेऊन भावाकडे चौथ्या मजल्यावर आली.

मिस्त्रींनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. लग्न राहून गेलं होतं. कुणी कारण विचारलंच तर ते म्हणत, "लग्नाचं बोलणं निघालं की कुठेतरी लिफ्ट अडकायची." यात थट्टा किती आणि हकीकत किती, ते ताईलाही नक्की माहीत नव्हतं. मनुष्यजातीचे त्यांनी दोन भाग केले होते: बटण एकदा दाबणारे आणि सारखं दाबत राहणारे. याहून खोल तत्त्वज्ञानात ते शिरत नसत. जे वाजतं त्याला कारण असतं आणि कारणाला एक स्क्रू असतो, एवढ्या श्रद्धेवर त्यांचं आयुष्य बरं चाललं होतं.

बोलण्याच्या बाबतीत मात्र आनंदीआनंदच होता. मेहुणे गेल्याचं कळल्यावर मिस्त्री पहिल्या गाडीने ताईकडे पोचले, दारात उभे राहिले, काय बोलावं सुचेना, तेव्हा आत जाऊन न्हाणीघरातला गळका नळ दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी दाराची कडी. तिसऱ्या दिवशी घरात दुरुस्त करण्याजोगं काही उरलं नाही, म्हणून ते ताईला म्हणाले, "चल माझ्याकडे." ताई आली. त्याला आता आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत ती लिफ्टने नाही की जिन्याने नाही, एकदाही खाली उतरली नव्हती, आणि मेहुणे गेले तो दिवस कसा होता, हे मिस्त्रींनी एकदाही विचारलं नव्हतं. तिला त्रास नको म्हणून, असं ते स्वतःला सांगत. ताईला बसायला वेगळी खुर्ची हवी का, हे मात्र त्यांनी तीनदा विचारलं होतं.

साहेब लिफ्टवर भुंकत. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली की ते दारावर झेप घेत आणि असं भुंकत की कपाटातल्या बश्या एकमेकींशी बोलू लागत. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी अर्धा तास. येणारा माणूस समोरच्या घरात शिरून, कपडे बदलून, चहा पिऊन झाला तरी साहेबांचं भाषण चालूच.

त्यांच्या बरोबर खाली, तिसऱ्या मजल्यावर, एक नर्सबाई राहत. त्यांची कायमची रात्रपाळी. सकाळी नऊला घरी येऊन त्या चारपर्यंत झोपत. म्हणजे झोपण्याचा प्रयत्न करत. आठ महिने त्यांनी कळ सोसली. नवव्या महिन्यात एका रुग्णाला चुकीची गोळी देता देता त्यांचा हात थांबला, आणि त्याच सकाळी त्यांनी सोसायटीकडे लेखी अर्ज दिला. अर्जात कुत्र्याला नावं ठेवली नव्हती. "मला झोप मिळत नाही आणि माझ्या कामात झोप न मिळणं धोक्याचं आहे," एवढंच लिहिलं होतं. यावर कुणाला काय बोलता येणार?

सेक्रेटरी स्वतः वर आले. सज्जन माणूस, वाईट बातमी देताना समोरच्याच्या चपलांकडे बघण्याची त्यांना सवय होती.

"महिनाअखेरपर्यंत बघा, मिस्त्री. नाहीतर गावाबाहेर ते प्राण्यांचं आश्रयघर आहे ना, तिथे चांगली सोय असते म्हणतात."

"म्हणतात कोण?" आतून ताईने विचारलं. "तिथले कुत्रे?"

सेक्रेटरी चपलांना नमस्कार करून गेले. ताई दारात आली. "धाकट्या, ऐकून ठेव. साहेब गेला तर मीही जाते. माझं घर अजून आहे तिकडे."

"तिकडे एकटी काय करणार?"

"इथे कोणती जत्रा आहे?"

त्या घरात ताई पुन्हा एकटी शिरते आहे, हे चित्र मिस्त्रींच्या डोळ्यांसमोरून हलेना.

सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने गळ्यात घालायचा पट्टा सुचवला. कुत्रा भुंकला की आपोआप झटका. ताईने पट्टा सुचवणाऱ्याकडे असं पाहिलं की झटका त्यालाच बसला. "त्याचं तोंड बंद करायचं नाही," ती म्हणाली. "काहीही करा, पण ते नाही." का नाही, ते तिने सांगितलं नाही, आणि मिस्त्रींनी सवयीप्रमाणे विचारलं नाही.

त्यांनी तपासणी सुरू केली. तीन दिवस दाराशी स्टूल टाकून बसले. निष्कर्ष असा निघाला, की साहेबांना पाहुण्यांचं, पोस्टमनचं, मांजराचं कशाचंच सोयरसुतक नव्हतं. जिन्याने कुणी आलं तर ते डोकंही उचलत नसत. लिफ्ट पाचव्यावर गेली तरी गप्प. पण लिफ्ट चौथ्यावर थांबणार असली, की ती दुसऱ्या मजल्यावर असतानाच त्यांचा उभा कान ताठ होई. मशीन रूममधल्या विजेच्या रिलेची टकटक, ब्रेकची ओढ, केबिनचा वेग, या सगळ्यांतून ते गणित मांडत. मिस्त्रींना मनोमन आदर वाटला. असा कान तयार व्हायला त्यांना स्वतःला अकरा वर्षं लागली होती.

आणि इथेच मिस्त्रींनी ती चूक केली, जी फक्त लिफ्ट दुरुस्त करणाराच करू शकतो. कुत्रा लिफ्टच्या आवाजावर भुंकतो. म्हणजे दोष लिफ्टच्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन ते गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेले आणि चार दिवस जेवणापुरतेच खाली आले. ब्रेकला नवं अस्तर घातलं. केबिन ज्या रुळांवरून घसरते ते रूळ धुऊन त्यांना ग्रीस लावलं. जाळीच्या दरवाजाची चाकं बदलली, दरवाजा जिथे आपटतो तिथे रबराच्या पट्ट्या ठोकल्या. पाचव्या दिवशी लिफ्ट लोण्यातून सुरी फिरावी तशी चालू लागली. रहिवासी खूश झाले. सेक्रेटरींनी चपलांवरची नजर उचलून आभार मानले.

साहेबांचं मात्र बिनसलं. इतके दिवस त्यांना दोन मजल्यांची पूर्वसूचना मिळत होती. आता दाराबाहेर माणूस एकदम, आकाशातून पडल्यासारखा उभा राही. खबर देणारंच कुणी उरलं नाही म्हटल्यावर साहेबांनी सोपा मार्ग काढला: ते सतत भुंकू लागले. लिफ्ट येवो न येवो. मोकळ्या जागेकडे बघून, बंद दाराकडे बघून, खबरदारी म्हणून.

सातव्या दिवशी सकाळी अकराला नर्सबाई वर आल्या. केस विस्कटलेले, डोळे लाल. रागावल्या नव्हत्या, रागावण्याइतकीही शक्ती नव्हती.

"काका, तुम्ही लिफ्टला काय केलंत?"

"आवाज काढून टाकला."

"आणि कुत्र्याला?"

"त्याला अजून काही केलं नाही."

नर्सबाईंनी दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. "आमच्याकडे म्हणतात, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. आज बघितलं." मग आतल्या बाजूला बघून हळूच म्हणाल्या, "ताई, मला वाईट वाटतं हो. पण मला झोपायला हवं."

"कळतं मला," ताई म्हणाली. ती खरोखरच कळल्यासारखं म्हणाली, त्यामुळे सगळ्यांनाच अवघड झालं.

त्या दुपारी ताई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. साहेब भुंकून भुंकून घसा बसल्यावर तिच्या पायाशी पडले होते. मिस्त्री पिशवीतून एक पाना काढत होते, पुसत होते, परत ठेवत होते. महिना संपायला चौदा दिवस होते.

"तो लिफ्टवर नाही रे भुंकत," ताई मटारांकडे बघत म्हणाली. "माझ्यावर भुंकतो."

मिस्त्रींचा हात थांबला.

"त्या दिवशी मी बाजारातून आले. खाली फाटकाशीच ऐकू आलं, वर हा ओरडत होता. शेजाऱ्यांची नेहमीच कुरकुर असायची त्याच्यावरून. मला लाज वाटली. म्हटलं, आता वर गेले की कुणीतरी गाठणार आणि दोन शब्द ऐकवणार. म्हणून खालच्या दुकानात शिरले. काही घ्यायचं नव्हतं. साबणाच्या वड्या बघत उभी राहिले. हा वरून ओरडतोय, आणि मी वास घेऊन बघतेय, गुलाबाचा बरा की चंदनाचा. पंधरा मिनिटं तरी. समोरच्याने खिडकी लावून घेतली, तीही पाहिली मी. मनात म्हटलं, बरं केलंत." तिने एक शेंग सोलली. आत दाणे नव्हते. "मग लिफ्टने वर गेले. लिफ्ट थांबली तशी हा आतून दारावर झेपावला. दार उघडलं. हे खुर्चीशी पडलेले. डॉक्टर म्हणाले, आधी आला असता तरी काही फरक पडला नसता. चांगले होते ते डॉक्टर. त्यांना तसंच म्हणावं लागत असेल."

तिने रिकामी शेंग सालींच्या ढिगात टाकली.

"मला का नाही सांगितलंस, ताई?"

"तू विचारलंस कधी?"

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. त्यांना त्यांचे उस्ताद आठवले. बुटका, तंबाखूने ओठ काळे झालेला माणूस, ज्याने त्यांना सगळं काम शिकवलं. अडकलेल्या लिफ्टपाशी पोचल्यावर हत्यारांना हात लावायचा नाही, हा त्याचा पहिला नियम होता. आधी दाराला तोंड लावून आवाज द्यायचा: "आलोय. ऐकलं. इथेच आहे." आधी आवाज, मग पाना. तरुण मिस्त्रींना तो वेळेचा अपव्यय वाटे. मग त्यांनी स्वतःच पाहिलं. आत अडकलेला माणूस धोक्याची घंटा दाबत सुटतो, बोट दुखेपर्यंत. दार उघडायला पुढे तास लागला तरी चालतो; पण बाहेरून माणसाचा आवाज ऐकला, की त्याच क्षणी घंटा थांबते. घंटा दार उघडावं म्हणून नसतेच. कुणी ऐकलं की नाही, एवढंच तिला विचारायचं असतं.

चौतीस वर्षं हा नियम त्यांनी अनोळखी माणसांसाठी पाळला होता. स्वतःच्या घरी आल्यावर मात्र थेट नळाला पाना लावला होता.

"ताई," ते म्हणाले, "त्याची घंटा अजून वाजतेय. त्याला कुणी उत्तरच दिलेलं नाही."

ताईने मान वर केली नाही, पण मटारांवर पाण्याचा एक थेंब पडला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी लिफ्टच्या रबराच्या पट्ट्या काढून टाकल्या आणि ब्रेक पुन्हा पूर्वीसारखा कुरकुरता केला. चाळिशीतली लिफ्ट एका आठवड्यात तरुण होऊन परत म्हातारी झाली, तेव्हा रहिवाशांनी मिस्त्रींच्या डोक्याबद्दल काळजी व्यक्त केली. मिस्त्रींनी खुलासा केला नाही.

तालीम रोज संध्याकाळी पाच ते सहा, म्हणजे नर्सबाई उठल्यानंतर. मिस्त्री खाली जाऊन लिफ्टने वर येत. लिफ्ट थांबे, खट्ट आवाज होई, साहेब दारावर झेपावत. दुसऱ्या भुंकण्याला ताईने उठायचं, त्यांच्याजवळ जायचं, आणि साध्या आवाजात म्हणायचं: "ऐकलं, साहेब." मग दार उघडून बाहेरची जागा दाखवायची. बघ, कोण आहे ते. बघितलंस? बस. साहेब क्षणभर गप्प राहिले, की त्याच क्षणी टोस्टचा तुकडा. क्षण उलटून गेल्यावर दिलेला तुकडा फुकट. तो त्यांना भुंकण्याचं बक्षीस वाटे. ओरडायचं तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी मिस्त्री बाहेरून "गप!" म्हणून ओरडले, तेव्हा साहेब दुप्पट जोमाने सुरू झाले; घरातलं आणखी एक माणूस सामील झालं, अशीच त्यांची समजूत झाली असावी.

पहिले चार दिवस काही जमलं नाही. अडचण साहेबांची नव्हती. ताई उठे, दारापर्यंत जाई, आणि "ऐकलं" न म्हणताच परत फिरे. पाचव्या दिवशी मिस्त्री बाराव्यांदा वर आले तेव्हा दार उघडंच होतं. ताई जमिनीवर बसली होती, दोन्ही हात साहेबांच्या मानेभोवती, आणि म्हणत होती, "ऐकलं रे. तेव्हाही ऐकलं होतं. ऐकलं होतं मी." टोस्टचा डबा हातातून सुटून पडला होता. साहेब टोस्टांकडे बघतसुद्धा नव्हते. मिस्त्री परत लिफ्टमध्ये गेले आणि थोडा वेळ उगाच पाचव्या मजल्यावर जाऊन उभे राहिले.

त्यानंतर हळूहळू जमू लागलं. अर्ध्या तासाची पाच मिनिटं झाली, पाचाचं एक. पंचविसाव्या तारखेच्या सुमारास साहेब दोनदा भुंकून मागे वळून ताईकडे बघू लागले: नोंद झाली का? "ऐकलं," ताई म्हणे. साहेब आपल्या जागी जाऊन पडत.

एक प्रश्न उरला होता, आणि तो सेक्रेटरींनी चपलांना उद्देशून विचारला. "ताई घरात असताना ठीक आहे. पण ताई नसताना? शेवटच्या दिवशी मी येतो. नर्सबाईंनाही बोलावतो."

ताई नसताना! आठ महिन्यांत ताई नव्हती असा एक तासही गेला नव्हता.

शेवटच्या दिवशी साडेचारला सगळे जमले. सेक्रेटरी खुर्चीवर, नर्सबाई दाराशी भिंतीला टेकून, झोपेतून उठून आलेल्या. ताईने केस विंचरले होते, पायात बाहेरच्या चपला घातल्या होत्या. साहेब त्या चपलांचा कसून वास घेत होते.

"कुठे जातेस?" मिस्त्रींनी विचारलं.

"कोपऱ्यावर. साबण आणते."

मिस्त्रींना काहीतरी म्हणायचं होतं. ताईने हात वर केला आणि ती गेली. जाळीचा दरवाजा ओढला गेला, लिफ्ट कुरकुरत खाली उतरली.

साहेब भुंकले. एकदा, दोनदा.

"ऐकलं, साहेब," मिस्त्री म्हणाले.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. हा आवाज अधिकृत नव्हता. तिसऱ्यांदा भुंकले, चौथ्यांदा. सेक्रेटरी चपलांकडे बघू लागले. मिस्त्रींचा हात सवयीने पिशवीकडे गेला आणि वाटेतच थांबला. ते उठले, दार उघडून त्यांनी साहेबांना रिकामा जिना दाखवला, मग दार लावलं आणि गुडघे धरून तिथेच जमिनीवर बसले. "ऐकलं. मी इथेच आहे. ती येईल." साहेब पाचव्यांदा भुंकण्यासाठी तोंड उघडून थबकले. मग मिस्त्रींच्या मांडीवर हनुवटी टेकवून दाराकडे बघत राहिले. मिस्त्री टोस्ट द्यायला विसरले.

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. एवढा वेळ साबणाला लागत नाही, हे मिस्त्रींच्या मनात आलं, आणि लागतो हेही आलं. मग वर मशीन रूममध्ये रिले वाजला. साहेबांचा कान ताठ झाला. त्याच्या आधी क्षणभर मिस्त्रींचाही झाला असावा. दुसरा मजला. तिसरा. खट्ट.

साहेब दोनदा भुंकले. आणि दाराला किल्ली लागण्याच्या आधी, बाहेरून, धाप लागलेला आवाज आला: "ऐकलं रे. आले."

आत सगळं शांत.

"एकूण सहा वेळा भुंकला," सेक्रेटरी सावधपणे म्हणाले.

"मोजत काय बसता?" नर्सबाई म्हणाल्या. "आमच्या वॉर्डात याहून जास्त घंटा तर नुसत्या पाण्यासाठी वाजतात. राहू दे त्याला. मी झोपते आता व्यवस्थित." त्यांनी अर्ज मागे घेत असल्याचं तिथेच तोंडी सांगितलं, आणि सेक्रेटरींना लेखी हवं होतं म्हणून त्यांच्याच कागदावर त्यांच्याच पेनाने लिहूनही दिलं.

सगळे गेल्यावर ताईने साबणाची वडी टेबलावर ठेवली. साहेबांनी वडी हुंगली आणि नापसंतीने शिंकले.

"घरात तीन आहेत की," मिस्त्री म्हणाले.

"असू देत."

जाळीचा दरवाजा आज जरा जास्तच खडखडला होता. चाक सैल झालं असणार; दोन मिनिटांचं काम. मिस्त्रींनी पिशवीकडे पाहिलं. मग ताईच्या समोरची खुर्ची ओढून ते बसले आणि म्हणाले, "सांग. खाली काय काय झालं?"

ताईने पायातल्या चपला काढल्या, आणि फाटकापासून सांगायला सुरुवात केली.